ध्यास बुद्धाचा, वाट बहुजनांची : धर्मानंद कोसंबी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. रविवारची वंदना आटोपली की चपला घालता घालता कुणी ना कुणी आईबाप आमच्याजवळ तोच विषय काढतात. पोरगा बारावी झाला, पुढे काय करावे कळत नाही. पोरगी हुशार आहे, पण तिचे मन कशातच लागत नाही. आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न फक्त पोरांचा नाही. नोकरीत वीस-पंचवीस वर्षे काढलेले उपासकही हळूच विचारतात, की हे सगळे केले ते कशासाठी? आपला जन्म नेमका कशासाठी?

याचे उत्तर उपदेशाने देता येत नाही, आणि तेवढा आमचा अधिकारही नाही. म्हणून आम्ही एका माणसाचे जीवन सांगायचे ठरवले आहे. हा माणूस गोव्याच्या एका खेड्यात जन्मला. शाळा थोडीशीच झाली. इंग्रजी येत नव्हते, खिशात पैसा नव्हता. पण एकदा मनाने घेतले, की बुद्ध काय म्हणाला ते मुळातून शिकायचे आणि आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचे. त्यासाठी तो गोव्यातून निघाला, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश, अमेरिका, रशिया फिरला आणि शेवटी परळच्या कामगार वस्तीत येऊन विहार बांधून राहिला. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

मासिकातला बुद्ध

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवळ या गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची नारळीची बाग होती. धर्मानंदांची प्रकृती लहानपणी नाजूक, त्यात गावात शिक्षणाची सोय बेताची. मराठी वाचायला-लिहायला शिकले आणि शाळा संपली. मग बागेची देखरेख, नारळांचा हिशेब, घरची कामे. चौदा-पंधराव्या वर्षी लग्नही झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

म्हणजे आयुष्य आखून दिलेले होते. बाग सांभाळायची, संसार करायचा आणि वडिलांसारखे म्हातारे व्हायचे. त्यात वाईट काही नव्हते. पण धर्मानंदांचे मन त्यात रमत नव्हते. मिळेल ते मराठी पुस्तक वाचायचे. तुकाराम महाराजांच्या अभंगांनी त्यांना आधार दिला. अशातच मुलांसाठी निघणाऱ्या 'बालबोध' मासिकाचा अंक हाती आला. त्यात गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. काही पानांचा मजकूर, तोही मुलांसाठी लिहिलेला. पण तो वाचला आणि या तरुणाला वाटले, आपण शोधत होतो तो गुरू हाच.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. पुष्कळ लोकांना वाटते की जीवनाचे ध्येय सापडायचे म्हणजे काहीतरी मोठे घडावे लागते. कुणी महापुरुष भेटावा, मोठे संकट यावे, स्वप्न पडावे. धर्मानंदांच्या बाबतीत असे काहीच झाले नाही. एक जुने मासिक हाती आले, एवढेच. ते मासिक आणखी शेकडो घरांत गेले असणार. धर्मानंदांनी मात्र वाचलेली गोष्ट सोडली नाही. आणि दुसऱ्या दिवशी उठून ते निघाले असेही नाही. मध्ये बरीच वर्षे गेली. घरातून निघायचे एक-दोन प्रयत्न झाले, ते फसले, परत यावे लागले. पुन्हा बाग, पुन्हा हिशेब. फसल्यावरही जी इच्छा मागे लागते ती खरी, असे आम्हांला या चरित्रातून समजले.

घर सोडले

१८९९ च्या अखेरीस धर्मानंद घर सोडून पुण्याला गेले. तेव्हा त्यांचे वय तेवीस. मुलगी माणिक अगदी तान्ही होती.

हे पान आम्हांला नेहमी जड जाते. आपल्या वस्तीत ज्यांचे नवरे घर टाकून गेले अशा माताभगिनी आहेत. त्यांच्यासमोर या गोष्टीचे कौतुक करायला आमची जीभ रेटत नाही. धर्मानंदांची भटकंती सुमारे सात वर्षे चालली. तेवढी वर्षे बाळाबाईंनी लेकीला घेऊन काढली. नवरा आज नेपाळात आहे की लंकेत, जिवंत तरी आहे की नाही, अशा काळजीत ती बाई राहिली असेल. धर्मानंदांच्या नावाने ग्रंथ आहेत, लेख आहेत. बाळाबाईंच्या नावाने फार काही नाही. म्हणून या लेखापुरते तरी आम्ही म्हणतो, की धर्मानंदांच्या विद्येत बाळाबाईंचा वाटा मोठा आहे, आणि तो त्यांच्याकडून न विचारता घेतला गेला.

मग धर्मानंद चुकले का? आमच्या मते घर सोडण्याचा हा भाग अनुकरण करण्याजोगा नाही. त्यांच्या काळी गोव्याच्या खेड्यात राहून पाली शिकणे अशक्य होते, हेही खरे. पण पुढे त्यांनी संसाराकडे कायमची पाठ फिरवली नाही. परत आले, बाळाबाईंना सोबत नेले, नंतर पुण्यात बिऱ्हाड केले. ज्या माणिकला तान्ही टाकून गेले होते तिला पुढे अमेरिकेत नेऊन पदवीपर्यंत शिकवले. त्या काळी मुलीला एवढे शिकवणारे बाप किती होते? मुलगा दामोदर हा तर जगप्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी झाला.

पालीच्या शोधात

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. आधी संस्कृत पक्के करायचे असे ठरले. त्यासाठी धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवायचे आणि पंडितांकडे शिकायचे, असा क्रम होता. अंगावर धड कपडा नाही, थंडीवाऱ्यात राहायचे, पण अभ्यास सोडला नाही.

१९०२ साली ते नेपाळात गेले. वाटले होते, बुद्धाच्या जन्मभूमीकडे तरी धम्म जिवंत असेल. पण तेथले दृश्य पाहून निराशा झाली. तसेच उलटे बुद्धगयेला आले. तेथे कळले की पाली शिकायची तर श्रीलंकेला जायला हवे. मग कलकत्ता गाठले आणि तेथून कोलंबो.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महाथेर हे मोठे आचार्य होते. त्यांच्या छायेखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. लंकेतले जेवण मानवेना, तब्येत बिघडे. तरी जे इतकी वर्षे शोधत होते ते आता पानोपानी समोर होते. पुढे मद्रास, ब्रह्मदेश, ब्रह्मदेशात भिक्खूंबरोबर राहून ध्यानाचा अभ्यास, मग पुन्हा भारतात सारनाथ, कुशिनारा अशी यात्रा.

आपल्या मुलांना एक गोष्ट समजावून सांगण्यासारखी आहे. पाली भाषेला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहली लोक ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मी लोक ब्रह्मी लिपीत, सयामी लोक त्यांच्या लिपीत. भारतातून धम्म गेला तसे ग्रंथही गेले. त्यामुळे ज्या देशात बुद्ध चालला-बोलला, त्या देशात त्याचे बोल देवनागरीत वाचायला मिळणे मुश्कील झाले होते. धर्मानंदांना आधी या परक्या लिप्या शिकाव्या लागल्या, तेव्हा कुठे त्रिपिटक वाचता आले. आज आपल्या विहारात लहान पोरे त्रिशरण-पंचशील देवनागरीत वाचतात. ही सोय फुकट मिळालेली नाही.

अडीचशे की पन्नास?

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्याला आले. चीवर उतरवले आणि शिक्षक झाले. तेथील नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. बिनशाळेचा माणूस विद्यापीठात शिकवू लागला! सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारख्या माणसाने त्यांची विद्या ओळखली होती. आता चांगले दिवस आले, असे कुणालाही वाटावे.

पण धर्मानंदांना चैन नव्हते. मनात सारखे येई, की आपण शिकलो ते कुणासाठी? ज्या मराठी भाषेतून पहिल्यांदा बुद्ध कळला, त्या भाषेच्या लोकांना काय दिले? याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांचा परिचय झाला. सयाजीरावांनी दरमहा ५० रुपये देण्याचे कबूल केले. अट एवढीच, की धर्मानंदांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहावे, काम करावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्याला राहिले असते तर दरमहा २५० रुपये मिळण्याची सोय होती. धर्मानंदांनी २५० सोडले आणि ५० घेतले.

आधी घर सोडले, त्यापेक्षा हा क्षण आम्हांला मोठा वाटतो. घर सोडताना त्यांना स्वतःसाठी काहीतरी हवे होते. मनाची शांती हवी होती, गुरू हवा होता, ज्ञान हवे होते. आता मात्र जे मिळाले ते द्यायचे होते, आणि देण्यासाठी पदरचे गमवायचे होते. बायको होती, मुले होती, दोनशे रुपयांचा फरक म्हणजे त्या काळी चेष्टा नव्हती. एखाद्याला एखादी गोष्ट आवडते, एवढ्याने ती त्याचे ध्येय ठरत नाही. तिच्यापायी काय सोडायला तो तयार आहे आणि ती कुणाच्या उपयोगी पडते, हे दोन्ही पाहावे लागते.

धर्मानंदांनी शब्द पाळला. १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक निघाले. त्यानंतर 'बुद्धलीलासारसंग्रह', 'लघुपाठ', 'समाधिमार्ग', 'बौद्ध संघाचा परिचय' अशी पुस्तके एकामागून एक आली. पंडितांना खूश करण्यासाठी ती लिहिलेली नव्हती. मराठी चौथी शिकलेल्या माणसाला समजावीत अशी ती आहेत. कारण लिहिणारा स्वतः तेवढाच शिकून निघाला होता.

विसुद्धिमग्गाची कथा

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक मोठे काम अडून पडले होते. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा हा थोर ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने त्याचे संपादन हाती घेतले होते, पण १८९९ साली त्यांचे निधन झाले. काम पुरे करायला पाली मुळातून जाणणारा माणूस हवा होता. तो गोव्यातला निघाला.

१९१० साली धर्मानंद हार्वर्डला गेले. वेगवेगळ्या लिप्यांतल्या प्रती समोर ठेवायच्या, शब्दाला शब्द ताडून पाहायचा, चूक कुठे शिरली ते शोधायचे, असे ते किचकट काम. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले. १९१२ साली धर्मानंद काम अपुरे ठेवून परतले. अपमान गिळून नाव मिळवण्याची त्यांना गरज वाटली नाही. पण ग्रंथावर रागही धरला नाही. १९१८ ते १९२२ पुन्हा गेले, १९२६ मध्ये गेले, १९३१ मध्ये गेले. काम तडीस नेले.

आता पुढचे पाहा. ती हार्वर्डची आवृत्ती छापून निघाली १९५० साली. म्हणजे धर्मानंदांनी ती डोळ्यांनी पाहिली नाही. पण तिची वाट पाहत ते बसलेही नव्हते. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून त्यांनी 'विसुद्धिमग्ग' देवनागरी लिपीत काढला होता.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. जोशी असे विद्यार्थी तयार झाले. चिं. वि. म्हणजे तेच, चिमणरावांच्या गोष्टी लिहिणारे. ते पालीचेही पंडित होते, हे पुष्कळांना माहीत नसते. बापटांनी १९५६ साली बुद्धाच्या २५०० व्या जयंतीनिमित्त निघालेल्या मोठ्या इंग्रजी ग्रंथाचे संपादन केले. एका माणसाने लावलेले रोप असे वाढत गेले.

ग्रंथातून रस्त्यावर

धर्मानंद नुसते पोथीत बसणारे नव्हते. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला. १९२२ नंतर ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात शिकवायला गेले. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या संस्थेत शिकवून आले. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांचे वय ५३ होते. त्यांनी कोकणात शिरोड्याच्या सत्याग्रहात भाग घेतला, विलेपार्ल्याच्या छावणीत काम केले, मुंबईच्या मजुरांत प्रचार केला आणि तुरुंगातही गेले. हार्वर्डला मानाने बोलावलेला पंडित, मजुरांच्या चाळीत फिरत होता.

त्यातूनच पुढे परळचा विहार झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती. सगळा अस्पृश्य समाज ढवळून निघाला होता. १९३७ साली धर्मानंदांनी परळच्या कामगार भागात 'बहुजन विहार' स्थापन केला. त्यासाठी जुगलकिशोर बिर्ला यांनी पैसा दिला. दलित आणि कामगार बंधूंसाठी हा विहार होता. धर्मानंद तेथे राहिले. गिरणीचा भोंगा, धूर, गर्दी, आणि त्यात हा साठीचा म्हातारा बुद्ध सांगत बसलेला! काही वर्षांनी त्यांनी तो विहार सोडला. काम त्यांच्या मनासारखे वाढले नाही. पण ज्या वस्तीत आपले बापजादे राबले, तेथे धम्म घेऊन ते आले होते, एवढे आपण विसरू नये.

रोहिणीचे पाणी

१९४०-४१ साली त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ निघाला. पुढे साहित्य अकादमीने तो अनेक भारतीय भाषांत नेला. त्यातला एक विचार आपल्या घराघरात सांगितला पाहिजे.

राजपुत्र सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि रातोरात गुपचूप घर सोडले, ही कथा आपण ऐकलेली असते. धर्मानंदांनी जुनी सुत्ते तपासली आणि ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसे पटावे? शिवाय अरियपरियेसन सुत्तात आईवडील रडत असताना घर सोडले असा उल्लेख आहे. म्हणजे गुपचूप जाणे नव्हतेच. मग कारण काय? धर्मानंदांनी सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवले. शस्त्र हाती घेऊन एकमेकांवर उठणाऱ्या माणसांना पाहून बुद्धाला भय वाटले, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी माणसे पाहून त्याचे मन उदास झाले, असा त्यातला आशय आहे. शाक्य आणि कोलिय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते. माणसामाणसांतले हे वैर कसे मिटेल, हा सिद्धार्थापुढचा प्रश्न होता, असे धर्मानंदांनी मांडले.

१९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, त्यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातही चार दृश्यांची कथा बाजूला सारली आहे, आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा हेच गृहत्यागाचे कारण सांगितले आहे. दोन वेगळ्या वाटांनी चाललेले दोन विद्वान येथे एका ठिकाणी येतात.

आम्हांला यात धर्मानंदांचे स्वतःचे जीवनही दिसते. तेवीस वर्षांचे असताना ते स्वतःच्या अस्वस्थतेपायी घराबाहेर पडले. साठीनंतर त्यांनी लिहिले, की बुद्ध लोकांच्या दुःखापायी घराबाहेर पडला. एवढा फरक समजायला त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली. आपण कुणासाठी जगतो, या प्रश्नाचे उत्तर त्या चाळीस वर्षांत हळूहळू बदलत गेले.

एक प्रश्न, आपल्यातलाच

कुणी म्हणेल, अहो, हा तर ब्राह्मण. त्यातून गांधीजींच्या गोटातला. आपल्या विहाराच्या स्मरणिकेत याचे चरित्र कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि तो दाबू नये. गांधीजींच्या आणि बाबासाहेबांच्या वाटा वेगळ्या होत्या. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी जो लढा बाबासाहेबांनी दिला तो त्यांनीच दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या हाती धम्म दिला तोही त्यांनीच. ते काम धर्मानंदांच्या हातून झाले नाही, होणारही नव्हते.

पण विद्येच्या बाबतीत बाबासाहेब काय करीत, तेही पाहावे. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना विद्यार्थिदशेत बुद्धचरित्राचे पुस्तक भेट दिले, त्या पुस्तकाचे ऋण बाबासाहेबांनी शेवटपर्यंत मानले. चांगले ज्ञान कुठूनही घ्यावे आणि स्वतःच्या बुद्धीवर घासून पाहावे, हीच त्यांची रीत. धर्मानंदांची जात त्यांना जन्माने मिळाली. बुद्ध मात्र त्यांनी कष्टाने मिळवला आणि मिळाल्यावर कुलूप लावून ठेवला नाही. म्हणून ते आपले.

अखेर

शेवटच्या वर्षांत धर्मानंदांची प्रकृती फार ढासळली. आपल्या हातून आता काम होत नाही, मग लोकांवर भार कशाला, या विचाराने त्यांनी अन्नत्याग करायचे ठरवले. १९४६ साली गांधीजींच्या सांगण्यावरून तो विचार सोडला. पण पुढे सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी तशाच रीतीने त्यांचे निधन झाले. पार्श्वनाथांच्या परंपरेचा त्यांच्यावर प्रभाव होता.

आम्ही येथेही त्यांच्याशी नम्रपणे असहमत आहोत. तथागताने देहदंडाची वाट स्वतः चालून पाहिली आणि सोडून दिली. आजारी किंवा म्हातारा माणूस भार नसतो. आपल्या वस्तीतल्या कुणाच्याही मनात असा विचार आला तर त्याने घरच्यांना सांगावे, विहारात येऊन बोलावे. माणूस थोर असला तरी त्याचे सगळेच घ्यावे असे नाही. हेही बुद्धाच्याच शिकवणीला धरून आहे.

आपण काय घ्यायचे?

तर मंडळी, ज्या आईबापांनी आम्हांला विचारले त्यांना आमचे सांगणे एवढेच. पोराला ध्येय सापडावे म्हणून त्याला धाक घालू नका आणि घाईही करू नका. त्याच्या हाती पुस्तक पडू द्या. एका मासिकाने काय होते ते आपण पाहिले. आपल्या विहाराच्या कपाटातली पुस्तके कुलपात ठेवण्यासाठी नाहीत. त्याने काही मनावर घेतले आणि पहिल्यांदा फसला, तर हसू नका. धर्मानंदही फसून परत आले होते.

तरुणांना सांगणे असे, की घर सोडून जाण्याची आज गरज नाही. जे शिकायला धर्मानंदांना समुद्र ओलांडावा लागला, ते आज देवनागरीत घरी बसून मिळते. नोकरी करा, पगार आणा, आईबापांना सुख द्या. पण आवडीचे एक काम असे ठेवा, की ज्यात आपली मिळकत नाही आणि दुसऱ्याचे हित आहे. कुणी मुलांना गणित शिकवा, कुणी म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्या, कुणी पालीचा वर्ग घ्या. घरात जी बाई तुमच्या वाटचे काम उपसते तिला विचारा, की तुला काय व्हायचे होते? बाळाबाईंना कुणी विचारले नव्हते. आपण विचारू या.

आणि ज्यांची निम्मी हयात सरली आहे, त्यांनीही मन मारून बसू नये. शिरोड्याच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा धर्मानंद ५३ वर्षांचे होते. परळला विहार काढला तेव्हा साठी उलटलेली होती.

येत्या वर्षात आपल्या विहारात निदान दहा मुलामुलींनी 'भगवान बुद्ध' हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे, आणि वाचून झाल्यावर रविवारी उभे राहून त्यातले काय पटले व काय पटले नाही ते सांगावे, अशी आमची इच्छा आहे. पुस्तके आणून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. ही स्मरणिका वाचून एका जरी मुलाने ते पुस्तक मागितले, तर वर्धापनदिन साजरा झाला असे आम्ही समजू.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.